उंबऱ्यापाशी थांबलेली रेघ

तुळजाक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्यासाठी रबरी बूट शोधून आणले होते आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. बूट म्हणजे तिच्या पायांचे नव्हेत, तिच्या वॉकरचे. वॉकरच्या पायांखालची रबरी टोपणं झिजली की फरशीवर सटकतात, आणि तंजावरात ती मिळतच नाहीत असा तिचा ठाम समज होता. "पुण्याला सगळं मिळतं म्हणत्येस ना, मग आण की," असं तिनं फोनवर बजावलं होतं. पोंगलला मी जाणार होते. तिकीट काढलेलं, बॅग अर्धी भरलेली... आणि रघूचा फोन. रघू तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, तोच आता तिथल्या घरात राहतो. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की तो तमिळमध्ये शिरतो. ही बातमी मात्र त्यानं मराठीत दिली. "आत्या, अक्का गेली. झोपाळ्यावर." एवढंच. मी म्हटलं, "चार दिवस थांबायला काय झालं होतं तिला?" बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारीला भ्रम झाला. पण मी पूर्ण शुद्धीत होते आणि मला राग आला होता. मला फसवायची तिची ही तिसरी वेळ. आता सहा आठवडे झाले. राग थोडा उतरलाय, सगळा नाही. सगळा उतरेपर्यंत थांबले तर हा लेख माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला तरी लिहावा लागेल, आणि तो माणूस उगाच गोड लिहील.

तुळजा माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं एकत्र घर राजवाड्याच्या मागच्या बाजूला. पूर्वज भोसल्यांच्या पदरी कारकुनी करायला तंजावरला आले आणि परत जायचं विसरले, असं काका सांगत. काका स्वतः मोडी कागद वाचून त्यांच्या नकला करत, त्यामुळं आमच्या घरात मराठी नुसती बोलली जात नव्हती, वाचलीही जात होती. हे तिथं अपूर्वाईचं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. घरातली बाकीची पोरं उंबरा ओलांडतानाच भाषा बदलत, पायातला काटा काढावा इतक्या सहज. मीही बदलत असे. दूधवालीशी मी तमिळमध्ये असं भांडायची की ती माझ्या आईकडं तक्रार घेऊन यायची. पण दुसरीत असताना एकदा वर्गात मला बाहेर जायची घाई लागली. उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते मराठी. "बाई, मी बाहेर जाऊन येऊं?" सगळा वर्ग हसला. टीचर म्हणाल्या, "तमिळमध्ये विचार." आणि माझं तमिळ गेलं. होतं तिथून नाहीसं झालं. मी उभीच राहिले... त्यापुढं काय झालं ते मी कुणालाही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून शाळेत माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

घरी मात्र माझी जीभ अखंड चालू. त्यामुळं शाळेतून जेव्हा निरोप आला की मुलगी मंद दिसते, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला समोर बसवून सतराचा पाढा विचारला. मी तो म्हटला, उलटा पण म्हटला. "मंद असती तर निदान कळलं असतं काय करायचं," अप्पा आईला म्हणाले. "ही तर लबाड आहे." मग दर सोमवारी मला ताप यायला लागला, पोटातलं बाहेर पडायला लागलं. वैद्यांनी डोक्याला तेल सांगितलं, आजीनं दंडाला काळा दोरा बांधला, आईनं नवस बोलला. माझं स्वतःचं निदान वेगळंच होतं. मला खात्री होती की शाळेच्या पायरीशी कुणीतरी माझा आवाज काढून ठेवून घेतं, देवळाबाहेर चपला ठेवून घेतात तसा, आणि घरी जाताना परत देतं. इतकी हुशार होते मी! आठव्या वर्षी माझं नाव शाळेतून काढलं.

तुळजाक्का तेव्हा वीस वर्षांची. तिला बाराव्या वर्षी रीतीप्रमाणं शाळेतून काढलं होतं, पुढं काकांनी घरीच मॅट्रिकपर्यंतचं सगळं शिकवलं. परीक्षा नाही, नुसतं शिकणं. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि सतराव्या वर्षी एका ट्रंकेसकट सासरची माणसं तिला परत आणून सोडून गेली. कारण नसताना रडते, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतल्या बायका डोक्याशी बोट फिरवून दाखवत. घरात त्याबद्दल कुणी काही विचारत नसे, आणि त्या न विचारण्यालाच आम्ही माया समजत होतो. तर ही तुळजाक्का एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्या वडिलांना म्हणाली, "पोरगी माझ्याकडं द्या. मी शिकवत्ये. नाहीतरी मला तरी काय काम आहे?"

पहिल्या दिवशी तिनं पाटी काढली नाही, पुस्तक काढलं नाही. खिडकीतली बाहुली काढली. आमच्याकडं कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करतात. धड वेगळं, डोकं वेगळं, डोकं नुसतं एका सुळक्यावर ठेवलेलं. बोट लागलं की मान डुलते. ती माझ्यापुढं ठेवून अक्का म्हणाली, "तुला बोलायचं नसेल तर बोलूं नको. हिला बोलूं दे. हो असेल तर कपाळावर बोट ठेव, नाही असेल तर गालावर." मला ते फार पोरकट वाटलं. मी आठ वर्षांची प्रौढ बाई! पण खेळले. ती इकडचं तिकडचं विचारत राहिली. भात आवडतो का, टीचर आवडते का, अप्पांची भीती वाटते का. चौथ्या-पाचव्या दिवशी अगदी त्याच आवाजात, भेंडी चिरता चिरता तिनं विचारलं, "त्या दिवशी वर्गात कुणी मारलं?" मी गालावर बोट ठेवलं. "पडलीस?" गालावर. सुरी चालूच. "बाक ओला झाला?" ... मी बाहुलीकडं पाहत राहिले. मग तिच्या कपाळाला बोट लावलं. बाहुली मान हलवायची थांबेना, हो हो हो करत राहिली आणि मी धाय मोकलून रडायला लागले. अक्कानं मला जवळ घेतलं नाही. तिनं भेंडी चिरून संपवली, हात पुसले आणि म्हणाली, "हे तीन जणींना माहीत. तू, मी आणि ही. चौथीला कळायचं नाही." त्या दिवसापासून माझा सोमवारचा ताप गेला. कुणाच्या तेलानं गेला यावरून घरात बरीच वर्षं वाद होता.

मग रेघ आली. कोलमाची पूड, म्हणजे आमच्या दारातल्या रांगोळीची, तिच्या चिमटीत असायचीच. घराच्या मागच्या खोलीत, विहिरीच्या बाजूला तिनं जमिनीवर एक पांढरी रेघ ओढली. मी त्या रेघेवर बसून मोठ्यानं वाचायचं. आधी मराठी, मग तमिळ. आवाज कापला तर रेघ तिथंच. आठवडाभर कापला नाही, तर सोमवारी रेघ हातभर पुढं. मागची खोली, मग स्वयंपाकघराचं दार, मग चौक, मग झोपाळ्याची खोली, मग रस्त्याकडं जाणारी बोळकांडी. दर टप्प्याला ऐकणारं माणूस वाढत गेलं. आधी अक्का एकटी, मग आजी, मग दूधवाली, मग काकांकडं कागद घेऊन येणारे लोक. "घाबरू नको," असं अक्का कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "घाबर की. पण वाचत घाबर." तेव्हा ना कुणी डॉक्टर होता, ना कुठलं पुस्तक तिच्यापुढं होतं. हातभर, हातभर करत अडीच वर्षांत मी उंबऱ्यापाशी आले. उंबऱ्यापलीकडं तिन्नई, म्हणजे रस्त्यालगतचा ओटा. तिन्नईवर बसून वाचलं की ऐकायला सगळा रस्ता. आणि रस्त्याच्या टोकाला देवळाचं तळं ओलांडलं की शाळा.

सोमवार आला. रेघ उंबऱ्याच्या आतच. पुढचा सोमवार आला. रेघ तिथंच. "आवाज कापतो अजून," अक्का म्हणाली. मला तर तो कापलेला ऐकू आला नव्हता. मग बाहेर ऊन होतं. मग मार्गळीची, म्हणजे धनुर्मासातली थंडी होती. मग तिन्नईवर कुणीतरी आजारी माणूस टेकलं होतं. अशी दोन वर्षं गेली. खरं सांगायचं तर मी काही आक्रोश केला नाही. मला घर आवडायला लागलं होतं. मी त्या घराची राणी होते. काकांच्या नकलांमधल्या चुका काढायची, शाळेत जाणाऱ्या भावंडांना त्यांच्याच गणितात हरवायची आणि झोपाळ्यावर बसून जाहीर करायची की शाळा म्हणजे ज्यांना घरी शिकवायला कुणी नाही अशा गरिबांची सोय. दहा-बारा वर्षांची ही विदुषी आठवली की अजून मला तिच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. दुपारी मात्र सगळे निजले की रस्त्यावरून शाळा सुटल्याचा कलकलाट यायचा. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसायची. दोन-दोन, तीन-तीन मुली हातात हात घालून जायच्या. एकीचा हात हातात धरला तर तो घामेजलेला असतो की कोरडा, हे मला माहीत नव्हतं. आणि त्याच वेळी घरात आतल्या कोठीचं दार बंद असायचं. अक्का त्यात जाऊन बसायची. बाहेर यायची तेव्हा पदर ओला. "कुणाला सांगूं नको गे," ती म्हणायची. मी कपाळाला बोट लावायची. माझं गुपित तिच्याकडं, तिचं माझ्याकडं. मला वाटायचं, आमच्याइतक्या सख्ख्या दोघी जगात नसतील.

तेराव्या वर्षी आठवीची सरकारी परीक्षा आली. घरी शिकलेल्यांना ती बाहेरून देता यायची, आणि आमचं केंद्र होतं माझी तीच शाळा. अप्पांनी जटका, म्हणजे टांगा सांगितला. निघताना अक्कानं माझ्या हातात कागदाची एक पुडी दिली. "बाकाखाली हळूच ओढ. म्हणजे ते घरच." मी पुडी उघडली, बाकाखाली पांढरी रेघ ओढली, त्यावर दोन्ही पाय ठेवले आणि तिन्ही दिवस पेपर लिहिले. शेवटच्या दिवशी तमिळचं मोठ्यानं वाचन होतं. वाचलं. वर्गभर ऐकू जाईल असं वाचलं. मी उठून चालले तेव्हा हेडमिस्ट्रेस बाईंना ती रेघ दिसली. "हे काय गं?" आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अगो, तू ती काय? मराठी घरातली! दोन वर्षं तुझी जागा ठेवली होती मी. तुमच्या घरी येऊन गेले. म्हटलं, मागच्या बाकावर बसू दे, कुणी तिला बोल म्हणणार नाही, मी जबाबदार." मी म्हटलं, "मला माहीत नाही." तमिळमध्ये म्हटलं, न अडखळता. "तुझी अक्का म्हणाली, विचारून कळवते. मग तिची चिठ्ठी आली. शाळेचं नाव काढलं तरी तुला ताप येतो, घर सोडायला तू तयार नाहीस." बाई प्रेमळ होत्या. मोठ्या आवाजाच्या प्रेमळ. आजूबाजूला वीस-पंचवीस मुली दप्तरं आवरत होत्या. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "कारणही लिहिलं होतं तिनं. वेडे, दुसरीत एकदा बाक ओला झाला, त्याचं इतकं काय घेऊन बसायचं! सगळ्यांचंच होतं."

चौथीला कळायचं नाही, असं ठरलं होतं. पंचविसांना कळलं.

जटक्यातून उतरले तेव्हा अक्का बोळकांडीत उभी होती, उंबऱ्याच्या आत, रेघ असायची त्याच जागी. "कसं झालं गे वाचन?" मी तिच्या बाजूनं आत गेले, खिडकीतल्या बाहुलीचं डोकं सुळक्यावरून उचललं, मागच्या दारी गेले आणि ते विहिरीत टाकलं. लगद्याचं डोकं, बुडेना. बराच वेळ पाण्यावर हो-नाही करत फिरत राहिलं. मला फार भव्य काहीतरी करायचं होतं आणि झालं ते असं! मग मी अक्काशी बोलणं सोडलं. जे दुखणं घालवायला तिनं पाच वर्षं खर्ची घातली, तेच मी तिच्यावर उलटवलं. लग्न होईपर्यंत सहा वर्षं मी तिच्याशी तिसऱ्या माणसामार्फत बोलले. एकदा घरात तिसरं माणूस नव्हतं आणि चुलीवर दूध उतू चाललं होतं, तर मी परसातल्या गाईला मोठ्यानं सांगितलं, "हिला सांग, दूध बघ म्हणावं." अक्कानं दूध उतरवलं आणि गाईला म्हणाली, "सांग, उतरवलं." आमच्यातला त्या वर्षाचा सगळ्यात लांब संवाद हाच असावा.

मी शाळेत गेले. मैत्रिणी झाल्या. हात घामेजलेलेच असतात, हे कळलं. वर्षभरानं हेडमिस्ट्रेस बाई पुन्हा घरी आल्या, पण यावेळी माझ्यासाठी नाही. "ज्या बाईनं ही मुलगी तयार केली ती मला खालच्या वर्गांना हवी," त्या काकांना म्हणाल्या. "माझ्याकडं अशी चार-पाच मुलं आहेत, येतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात. ती मी हिच्या हवाली करेन." मी झोपाळ्यावर होते. काका कॉफीच्या वाटीत टंबलर ओतत, परत भरत, विचार करत बसले. अक्का स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. मला तिची दोन बोटं दिसत होती, चौकटीवर घट्ट धरलेली. काका म्हणाले, "सेतू, तूच तिची विद्यार्थिनी. तू सांग. निभेल का तिला?" आणि मी, जी मोठ्या माणसांपुढं हो-नाहीच्या पलीकडं जात नसे, ती बोलले. स्पष्ट, ठणठणीत, आवाज तसूभर न कापता. "अक्का रोज दुपारी कोठीत दार लावून बसते. रडते. तासतासभर. कुणाला सांगू नको म्हणून मला सांगितलंय." ते माझं आयुष्यातलं पहिलं भाषण. तिनंच तयार करून घेतलेलं. काकांनी टंबलर खाली ठेवला. "घरातच बरी आहे ती," ते म्हणाले, बाईंकडं न बघता. चौकटीवरची बोटं सुटली. थोड्या वेळानं अक्का बाहेर आली, बाईंचा रिकामा टंबलर उचलला आणि आत गेली. मला वाटलं, आता बरोबर झालं... चौदा वर्षांच्या मुलीला बरोबर होणं म्हणजे काय असतं ते एवढंच समजतं.

पुढं मी लग्न होऊन पुण्याला आले. इथं माझ्या मराठीला सगळे हसले, पण तोवर हसण्याची मला सवय होती. आमच्यातला अबोला कधी मोडला असं सांगता येत नाही, तो पत्रांत विरला. बाळंतपणं, लोणची, कुणाचं काय दुखतं. त्या दोन गोष्टींबद्दल मात्र ना तिनं कधी लिहिलं, ना मी. दर खेपेला जायची तेव्हा झोपाळ्याच्या खोलीत कुणी ना कुणी पोर बसलेलं असायचं. तोतरं बोलणारं, सारखे हात धुणारं, शाळेचं नाव काढलं की उंबऱ्याला मिठी मारणारं. शाळेत पोचली नाही ती मुलं आपोआप तिच्याकडं पोचली. आणि जमिनीवर रेघ. त्या पोरांची रेघ ती उंबऱ्यापलीकडं नेई, तिन्नईवर नेई, पायरीवर नेई. स्वतः आत उभी राहून त्यांना सांगे, "आणखी हातभर. घाबर की, पण जा." पोरं जात. एकूण एक गेली. मला ते पाहून गहिवरून यायला हवं होतं. मला यायचा तो राग. जगभराच्या पोरांना दार उघडून देणाऱ्या बाईनं फक्त माझीच रेघ का अडवली?

माझी नात हल्ली तिच्या मुलीला घरी शिकवते. एकदा मला म्हणाली, "आजी, तू तर घरी शिकलेली, तुला एकटं वाटायचं का? तिची काळजी कशी घेऊ?" मी म्हटलं, "तिच्याआधी स्वतःला विचार, तू दिवसातून किती वेळा घराबाहेर पडतेस." तिला वाटलं, आजी टोमणा मारतेय. नव्हता तो.

शेवटची भेट गेल्या वर्षीची. पडून अक्काचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण बाई झोपाळ्यावरून उठेना. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीनं हात टेकले. मी दहा दिवस राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलमाच्या डब्यातून चिमूट घेतली आणि झोपाळ्यापासून हातभर अंतरावर वाकून रेघ ओढली. वाकले ती उठता येईना, मलाच सेल्वीनं धरून उठवलं. सेल्वी म्हणजे अक्काला सांभाळणारी बाई. अक्का बघत होती. "पडत्येन मी," ती म्हणाली. "पड की," मी म्हटलं. "पण चालत पड." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की नव्वदीची बाई शिव्या देणार असं वाटलं, मग वॉकर ओढला आणि उठली. आठ दिवसांत बोळकांडी पार करून ती उंबऱ्याशी पोचली. तिथं थांबली. बाहेर तिन्नईवर स्वच्छ ऊन पडलं होतं. "पुढं नको," ती म्हणाली. "का, आवाज कापतो?" मी विचारलं. फार दुष्टपणानं विचारलं.

तिला परत झोपाळ्यावर बसवलं. समोर खिडकीत ती बाहुली अजून होती, मानेच्या जागी नुसता सुळका. पासष्ट वर्षं तिनं ती तशीच पुसून ठेवली होती. मी म्हटलं, "अक्का, एकच विचारते. मी शाळेत गेले असते तर तू एकटी पडली असतीस, म्हणून थांबवलंस?" झोपाळा थांबला. तिनं मला बाहुली आणायला खुणावलं. मांडीवर घेतली. कपाळ नव्हतं, गाल नव्हता. तिनं तर्जनी त्या रिकाम्या सुळक्यावर ठेवली आणि खाली दाबली. बोटाच्या पेराला पांढरा डाग पडेपर्यंत दाबून ठेवली. मीही तेव्हाच माझं सांगून टाकायला हवं होतं, काकांपुढचं ते भाषण मी सूड म्हणून केलं होतं, हे. नाही सांगितलं. म्हटलं, पोंगलला येऊ तेव्हा. रेघ तिन्नईवर काढू, दोघी बाहेर बसू, तेव्हा सांगू... तिनं मान डोलावली होती. थांबत्ये म्हणाली होती.

मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. सुतकात आमच्याकडं दारात कोलम काढत नाहीत. गल्लीत सगळ्या घरांपुढं पोंगलची मोठमोठी नक्षी आणि आमचंच दार कोरं असणार, हे मला ठाऊक होतं. पण रिक्षातून उतरले तर तिन्नईवर, अगदी रस्त्याच्या कडेला, एक पांढरी सरळ रेघ. ताजी. रघू खाली मान घालून म्हणाला, "आत्या, मी सेल्वीला ओरडलो. शेजारी काय म्हणतील? घर धुतलं तेव्हा गेली होती, तिनं परत काढली." मी सेल्वीकडं पाहिलं. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "अम्मांनी, गेल्या त्याच आठवड्यात, माझ्याकडून काढून घेतली. म्हणाल्या, सेतू येईपर्यंत पुसायची नाही. मी काय करू?" मी विचारलं, "ती स्वतः आली का इथपर्यंत?" सेल्वीनं नाही म्हणून मान हलवली. "उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, या की. तर म्हणाल्या, ही माझी नाही, तिची आहे."

मी पिशवी घेऊन तशीच रेघेवर बसले. प्रवासाची साडी, पारोशी. आता इथं वाचायचं, एवढं कळत होतं. पण वाचायचं काय? पिशवीत मराठी असं एकच होतं, रबरी बुटांना गुंडाळलेलं जुनं वर्तमानपत्र. ते सोडवलं, चार बूट ओळीनं तिन्नईवर मांडले आणि कागद सरळ केला. अर्धी बातमी पाणीपुरवठ्याची, अर्धी जाहिरात कुकरची. मी ती मोठ्यानं वाचली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली, समोरच्या बाईनं खिडकी उघडली. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हती. पाणीपुरवठ्यापर्यंत ठीक गेलं. कुकरच्या शिट्टीपाशी आवाज कापला. चांगलाच कापला.

नियम तिचाच आहे. आवाज कापला तर रेघ तिथंच. निघताना मी सेल्वीला सांगितलं, पुसू नको, मला अजून वाचायला यायचं आहे. तेरावा झाल्यावर दारात रोजचा कोलम सुरू झाला. सेल्वी फोनवर सांगते की ती नक्षी काढते ती खाली रस्त्यावर, आणि तिन्नईवरची रेघ दर सोमवारी नव्यानं, त्याच जागी.